आतल्या कडेचा करडा तुकडा

पोंक बाजारात आला की माझा उजवा अंगठा जागा होतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. सुरतेत तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात आणि थंडीभर साऱ्या शहराला त्याचं वेड लागतं. विकत घेण्याआधी एक दाणा अंगठ्याखाली दाबून बघायचा, ही माझी जुनी सवय. यंदाही हातगाडीपाशी उभा राहून मी दाणा दाबला. कोवळा होता, लगेच दबला. आणि कधीकाळी या अंगठ्याखाली जे दबलं नव्हतं, ते आठवलं.

मी फारसं बोलणारा माणूस नाही. आयुष्यभर जे काही बोललो ते कापडाबद्दल. इथं धागा सुटलाय, इथं डाग आहे, हा कापडाचा ताका बाजूला काढा. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की मी चहा सांगायचो. पण एका हिवाळ्याबद्दल आता बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या हिवाळ्यात मी डोळ्यांचं पारणं फिटावं असं काही पाहिलं, आणि त्याच हिवाळ्यात स्वतःच्या हातानं त्याची वाट लावली. पाहिलं ते आणि बिघडवलं ते, दोन्ही एकाच बाईच्या पायांचं. ती माझी वहिनी, मंगला.

नव्वदच्या दशकातली सुरतेची डिंडोली वस्ती डोळ्यांसमोर आणायची तर आधी आवाज आणावा लागतो. लूमचा खटखटाट. तो बंद झाला तरच जाग यायची. आमचं घर दोन खोल्यांचं. माय, दादा, वहिनी आणि मी. वडील गेल्यावर दादानं शिंदखेड्याकडचं गाव सोडलं, इथं लूमवर लागला आणि मला ओढून घेतलं. मी पलसाण्याच्या एका डाइंग हाउसमध्ये चेकिंगला होतो. रंगून आलेलं कापड तिरक्या काचेच्या टेबलावरून खाली सरकायचं, काचेमागं ट्यूबलाइट, आणि मी समोर उभा. सारं काम डोळ्यांचं आणि अंगठ्याचं. कापड डाव्या काठाला जसं, तसंच उजव्या काठाला हवं. रंग इकडे गडद तिकडे फिका, हात लावला तर इकडे मऊ तिकडे कडक, असं काही आढळलं की तो माल सेकंड. मी त्यात हुशार होतो. शेठ पाहुण्यांना माझी नजर दाखवून सांगायचे, “आनी आंख जुओ, आंख!” आणि मी मान खाली घालून फुलून जायचो. दोन बाजू सारख्या नसतील तर तो दोष, हे माझ्या हाडात मुरलं होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वहिनी घरात आली त्या दिवशी माप ओलांडून कुंकवाच्या पाण्यातून चालत आली. सिमेंटच्या जमिनीवर तिची पावलं उमटली. साऱ्या बायका वाकून बघत होत्या, कारण ती पावलं चित्रातल्यासारखी नव्हती. मधली कमान नाहीच, पाऊल अख्खं टेकलेलं, आतल्या बाजूला थोडं पसरलेलं. मायच्या तोंडून अहिराणीत निघून गेलं, “पाय दखा तिना, पाटासारखा शेतस.” पाटासारखे सपाट. कुणीतरी हसलं. वहिनीनं मान वर केली आणि म्हणाली, “पाटच बरा आत्याबाई, बसायला कामी येतो.” मग मायसुद्धा हसली.

ती शाळेत असताना धावायची, हे आम्हाला नंतर कळलं. नुसतं धावायची नाही, तालुक्याला पहिली यायची. सासरी येऊन काही महिने ती गप्प राहिली. मग एका सकाळी भाकरी थापता थापता दादाला म्हणाली, “आपल्या धुळे जिल्ह्याला बायांची पोलीसभरती निघालीय. मला पळून बघायचंय.” दादा बराच वेळ परातीकडं बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त चाळीला घाबरायचा. म्हणाला, “एकदाच. झालं तर माझ्या डोक्यावर. नाही झालं तर पुन्हा घरात पळायचं नाव काढायचं नाही.” ती म्हणाली, “नाही काढणार.” तिनं दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सकाळी तिच्याबरोबर कोण जाणार? दादाची रात्रपाळी. मग सायकल घेऊन मी.

त्या पहाटा कशा सांगू? कालव्यावर धुकं बसलेलं असायचं. पलीकडच्या रस्त्यानं उसाच्या गाड्या बारडोलीकडं जाताना चाकांपेक्षा उसाचीच सळसळ जास्त ऐकू यायची. आणि संक्रांत जवळ आली की रस्त्याच्या कडेनं मांजा घासणाऱ्यांचे खांब उभे राहत. खांबाखांबांतून ओढलेले गुलाबी दोरे, लांबच लांब, आणि हाताला चिंध्या बांधून त्या दोऱ्यांना काचेची लुगदी फासत पुढेमागे चालणारी माणसं. त्या गुलाबी दोऱ्यांच्या कडेकडेनं वहिनी धावायची. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा. दोरे जागच्या जागी थरथरायचे आणि ती त्यांच्या बाजूनं सरळ पुढं जायची, जणू तिलाच कुणी ओढून धरलंय.

चाळीतल्या सखूमावशी नळावरून हाळी देऊन कुठं पळतेस ते विचारायच्या, “कथा पयी राहिनी वं मंगला? सासू मांगे लागनी का?”

वहिनी न थांबता ओरडायची, “सासू नाही मावशी, मीच तिला शोधायला निघालेय!”

नळावर हशा. मी सायकलवर मान खाली घालून जायचो. मला लाज वाटायची, आणि त्या लाजेच्या खाली कुठंतरी अभिमान.

पण माझी नजर चेकिंगवाल्याची. मागून बघताना मला दिसायचं की तिचं पाऊल पडलं की ते तिथंच थांबत नाही. टाच टेकली की घोटा आत कलतो, पाऊल आतल्या अंगाला लवंडतं, गुडघाही त्याच्यामागं आत वळतो आणि मग ती ते सारं ओढून पुन्हा बाहेर काढते. प्रत्येक पावलाला. तिचे कॅनव्हासचे बूट बाहेरून नवे दिसायचे आणि आतल्या कडेनं झिजून कापडाला लागलेले. मी तिला सांगायचो, “वहिनी, पाय सरळ टाका.” ती टाकायची. दोन पावलं सरळ, तिसरं पुन्हा आत. “नानाभाऊ,” ती धापा टाकत म्हणायची, “मी डोक्यानं टाकते ते सरळ पडतं. पायानं टाकते ते असं.” घरी आली की नडगीच्या आतल्या बाजूला हळद-मीठ लावून बसायची. तोंडानं कधी हाय म्हणाली नाही.

मग ते बूट आले.

शेठच्या बहिणीची मुलगी अमेरिकेहून लग्नाला आली होती. ती रोज सकाळी सोसायटीच्या रस्त्यावर धावायची आणि वॉचमन लोक ते बघायला मुद्दाम चहा घेऊन उभे राहायचे. परत जाताना तिच्या बॅगेत साड्या आणि फरसाण मावेना, म्हणून बूट इथंच राहिले. मी साड्यांचे नमुने द्यायला बंगल्यावर गेलो तेव्हा शेठाणी म्हणाल्या, “तारी भाभी दोडे छे ने? लई जा.” मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणले. माप वहिनीचं. तिनं पाय घातला आणि चेहऱ्यावर असं काही आलं, जणू तिला कुणीतरी नावानं हाक मारलीय.

“आतून काहीतरी ढकलतंय,” ती म्हणाली.

“बोचतंय?”

“बोचत नाही. ढकलतंय. माय लहानपणी पाठीला हात लावून सरळ बसवायची ना, तसं.”

दुसऱ्या दिवशीची पहाट मी विसरू शकत नाही. ती निघाली आणि मी पायडल मारायचं विसरलो. तिचं पाऊल पडत होतं आणि पडलं तिथंच राहत होतं. आत लवंडणं नाही, ओढून काढणं नाही. टाच, तळवा, बोटं, सुटलं. गुडघा समोर. पाण्यात हंडा सोडावा आणि तो न कलता तरंगत जावा तसं. मांजावाले हातातली लुगदी धरून उभे राहिले. त्यांच्यातला एक म्हातारा गुलाबी बोटांनी दाखवत म्हणाला, “जो, जो, आ तो उडे छे!” बघ, ही तर उडतेय. एका माणसाच्या अंगात इतकं काही बंद होतं आणि ते दोन बुटांनी उघडलं! त्या दिवशी परत आल्यावर तिच्या नडगीला हळद लावावी लागली नाही.

परवा प्राजूबरोबर मी बुटांच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. प्राजक्ता ही वहिनीची मुलगी. नोकरी करते, मैत्रिणींबरोबर धावते, आणि तिचे पायही आईचेच. दुकानातल्या मुलानं तिला धावत्या पट्ट्यावर उभं केलं, मागं कॅमेरा लावला. पडद्यावर नुसते पाय. टाच पडली, घोटा आत कलला, पाऊल लवंडलं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. इतक्या वर्षांनी तेच पाऊल, काचेवर, हळू चालवून दाखवलेलं.

मुलानं एक बूट आणून उलटा धरला. पांढऱ्या तळव्याच्या आतल्या कडेला एक करडा पट्टा होता. तो म्हणाला, “काका, दबावीने जुओ.” मी अंगठा लावला. बाहेरची बाजू दबली. करडी दबली नाही. मुलगा सराईतपणे सांगत होता, की ज्यांचा पाय आत पडतो त्यांच्यासाठी आतली बाजू जाणूनबुजून कडक ठेवतात, पाय पडायला लागला की ती त्याला अडवते, आधार देते. दोन बाजू सारख्या नसणं हेच या बुटाचं काम. “आ डिफेक्ट नथी, काका,” तो हसून म्हणाला, “एमां ज मजा छे.” हा दोष नाही, यातच तर गंमत.

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. प्राजूनं विचारलं, “काका, बरं वाटत नाहीये का?” मी चहा सांगितला.

आता ज्या रविवारी मी वाट लावली, त्या रविवाराकडं येतो.

भरती अगदी तोंडावर आली होती. दादानं वहिनीला आराम करायला लावला होता, त्यामुळं बूट खुंटीवर रिकामे. चाळीत जो तो बुटांबद्दल बोलत होता. “अमेरिकेच्या बुटानं काय पळते हो मंगला!” सखूमावशी, दुकानदार, माय, सारे. दादासुद्धा म्हणाला, “बूट आले म्हणून, नाहीतर कठीण होतं.” माझं नाव कुणी घेत नव्हतं. थंडीत सायकल काढणारा मी, पाय सरळ टाका म्हणून ओरडणारा मी, आणि दोन तळवे येऊन सगळं घेऊन गेले. हे लिहिताना आजही बोटं अडखळतात, पण खरं हेच आहे. मला त्या बुटांचा हेवा वाटत होता. तिच्या जिंकण्यात माझाही हात असावा असं मला वाटत होतं.

दुपारी मी बूट मांडीवर घेतले. साफ करून द्यावेत एवढंच मनात होतं. उन्हात धरले आणि आपोआप ताका तपासतो तसे तपासले. आतल्या कडेला करडा तुकडा, बाहेर पांढरा. अंगठा फिरवला. पांढरा मऊ, करडा दगडासारखा. दुसऱ्या बुटाचंही तेच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेकंड माल! म्हणूनच ती पोरगी टाकून गेली. कुणीतरी फाटलेल्या जागी भलताच कडक तुकडा भरलाय, तोच वहिनीला आतून ढकलतो. दोष घेऊनही ती इतकी पळते, तर दोष काढल्यावर काय पळेल?

मी चेकिंगचं पातं आणलं. करडा तुकडा कडेनं कापत, कोरत, दोन्ही बुटांतून काढला. अलगद, एकही चरा न पाडता. त्या जागी हवाई चपलेचं मऊ पांढरं रबर मापात कापून चिकटवलं. मग पांढरं पॉलिश, शाळेतल्या कॅनव्हासच्या बुटांना लावायचो ते, सगळ्या तळव्याला सारखं फासलं. सुकल्यावर अंगठा फिरवला. डावीकडं मऊ, उजवीकडं मऊ. कुठं जोड दिसेना. फर्स्ट क्लास माल. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सफाईदार काम होतं.

वहिनी बूट बघून टाळ्या वाजवायची तेवढी बाकी राहिली. “नव्यासारखे केलेत नानाभाऊ! जिंकले तर पहिला पेढा तुमचा.” मी काय केलं ते तिला सांगितलं नाही. तिनं धावून बघितल्यावर आपोआप कळेल आणि मग मी सांगेन, असं गोड चित्र मी रंगवलं होतं.

धुळ्याचं मैदान. सकाळचं ऊन, धुळीला दवाचा वास. तारेच्या कुंपणाबाहेर आम्ही दोघं भाऊ. आत बायका ओळीनं उभ्या, कुणी अनवाणी, कुणी चपला काढून हातात घेतलेल्या. ठरल्या वेळात फेरे पुरे करून रेघ ओलांडली तरच निवड. शिट्टी झाली. वहिनी सर्वांत पुढं. पहिला फेरा ती अशी आली की कुंपणाजवळचे लोक मागं सरकले. दादा तार धरून ओरडत होता. तो आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडत होता.

मी ओरडत नव्हतो. मी तिचे पाय बघत होतो.

दुसऱ्या फेऱ्यात टाच पडली आणि घोटा आत गेला. नेहमीपेक्षा जास्त आत. मऊ रबर तिच्या वजनाखाली बसलं होतं आणि पाऊल खड्ड्यात पडावं तसं लवंडत होतं. कॅनव्हासच्या बुटांतसुद्धा तिचा पाय इतका कधी कलला नव्हता. एक बाई तिच्या पुढं गेली. मग दुसरी. ती लंगडायला लागली. मला त्या क्षणी सगळं कळलं. पुरावा नव्हता, शब्द नव्हते, पण अंगठ्याला कळलं. “आतून ढकलतंय” म्हणजे काय, ते कळलं.

आणि मग तिनं जे केलं ते मी आजही डोळे मिटून बघतो. ती धावता धावता वाकली, एक बूट उपसला, दोन पावलं लंगडी घालून दुसरा उपसला. ते तिनं फेकले नाहीत. कुणीतरी दिलेली वस्तू फेकायची नाही, ही तिची रीत. दोन्ही बूट एका हातात छातीशी धरले आणि अनवाणी सुटली. खडी होती, काटे होते. पाय तसेच आत पडत होते आणि ती प्रत्येक पाऊल तसंच ओढून बाहेर काढत होती, दात आवळून. एकेक बाई मागं पडत गेली. मैदानावरची बडबड थांबली. हेही मी न लपवता सांगतो, मला त्या वेळी पश्चात्ताप झाला नाही. त्याला जागाच नव्हती. मी नुसता थक्क होतो. माणसाच्या पायांना इतकी जिद्द असू शकते, आणि ती जिद्द आपल्या घरात राहते, भाकरी थापते, आपल्याला पहिला पेढा देणार म्हणते!

वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा रेघ तिच्यापुढं हातभर होती.

कुंपणाशी आली. तळपायातून रक्त येत होतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “पायांनी दगा दिला, नानाभाऊ. तुम्ही एवढे बूट चांगले केले होते. बुटांचा काय दोष?”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दादाला सांगितलं असतं तर त्यानं पुढच्या भरतीला पुन्हा पाठवलं असतं. अट पायांवर होती, माझ्या पात्यावर नव्हती. पण मी गप्प बसलो. परतीच्या पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी झोपली होती आणि माझ्या दोन खिशांत ते दोन करडे तुकडे होते. ती जिंकल्यावर दाखवायचे म्हणून बरोबर घेतलेले. उधन्याच्या अलीकडं एका पुलावर मी एक तुकडा नदीत भिरकावला. दुसऱ्यासाठी हात उठला नाही.

तिनं शब्द पाळला. पुन्हा कधी पळायचं नाव काढलं नाही. बूट धुऊन सखूमावशीच्या नातीला दिले. पुढच्या वर्षी प्राजू झाली. मग शिलाई मशीन आली, साड्यांना लेस लावायचं काम सुरू झालं. मशीन पहिल्याच दिवशी डुगडुगायला लागली, आमची जमीन एका कोपऱ्यात खचलेली. वहिनी म्हणाली, “पायाखाली काहीतरी द्या हो.” मी पेटीतून तो करडा तुकडा काढला आणि मशीनच्या पायाखाली सरकवला. मशीन जागेवर बसली. तिला वाटलं कारखान्यातलं रबर आहे. एवढं तरी तिला आधार देऊ दे, असं मी मनाशी म्हणालो, आणि तेवढ्यावर इतकी वर्षं भागवली. मधल्या काळात मी स्वतःला समजावतही आलो, की तिचे पायच तसे, बूट धड असते तरी काय झालं असतं. दुकानातल्या त्या मुलानं माझा हा आडोसा एका वाक्यात काढून घेतला.

तर यंदाचा पोंक घेऊन मी वहिनीकडं गेलो. घर आता पक्कं आहे, वर मजला चढलाय, पण कोपऱ्यातली मशीन तीच आणि कोपराही तोच. दादा गावाला गेला होता. वहिनी लेस लावत बसली होती, डावं पाऊल पायडलवर, आत कललेलं. ताटलीत पोंक काढला, शेव टाकली आणि न खाताच मी सारं सांगितलं. करडा तुकडा, पातं, हवाई चपलेचं रबर, पॉलिश. हेवासुद्धा सांगितला. मशीन केव्हा थांबली ते मला कळलं नाही.

तिनं हातातली लेस बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तुम्ही कुंपणाशी रडत होता. मला वाटलं, मी हरले म्हणून.”

“तुम्ही पळालात ते बघून रडत होतो.”

“मी माझ्या पायांना किती शिव्या दिल्या, नानाभाऊ. रोज. आंघोळ करताना, पायडल मारताना. प्राजू जन्मली तेव्हा तोंड बघायच्या आधी तिचे तळवे बघितले आणि रडले.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुम्ही माझी नोकरी घेतलीत ते एक वेळ राहू द्या. माझे पाय माझ्या नजरेतून उतरवलेत.”

मी मान खाली घातली.

“माफ केलं असं मी म्हणणार नाही. म्हटलं की तुम्ही मोकळे. उठा, ही मशीन उचला.”

मी मशीन एका बाजूनं उचलली. तिनं वाकून तुकडा ओढला. धुळीनं काळा पडलेला, मशीनच्या पायाचा गोल ठसा उमटलेला. पदरानं पुसला. आतून तसाच करडा. ती भिंतीला हात लावून उभी राहिली, तुकडा जमिनीवर ठेवला आणि त्यावर पाऊल ठेवलं, बरोबर आतल्या कडेखाली. हळूहळू वजन दिलं. घोटा सरळ राहिला. ती खाली बघत होती, मीही. कुंकवाच्या पाण्यातून आलेलं ते पाऊल, तेच.

“ढकलतोय अजून,” ती कुजबुजली. “दुसरा कुठाय?”

“नदीत टाकला.”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि एकदम हसली, डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं तरी हसत राहिली. “म्हणजे एकाच पायाची लाज वाटली होती का तुम्हाला?” मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “प्राजू बूट घेते त्या दुकानात माझं माप असेल. आठ भाकरी थापून ठेवते, मग जाऊ. आणि उद्यापासून पहाटे सायकल काढायची. गुडघे दुखतात, घेरी येते, असलं काही मी ऐकणार नाही. मी पळते ते तुम्ही बघायचं. रोज.”

मी मशीनखाली द्यायला काहीतरी शोधू लागलो. ती म्हणाली, “डुगडुगू द्या तिला.”

आज पहाटे कालव्यावर धुकं होतं. कालव्याची बरीचशी बाजू आता सिमेंटची झालीय, पण मांजावाले अजून येतात. नवी माणसं, तेच गुलाबी दोरे. वहिनी पळाली असं म्हणवत नाही. थोडं चालली, थोडं धावली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पुन्हा धावली. केस पांढरे झालेत, ओढणी मात्र तशीच गच्च. मी उसनी सायकल घेऊन मागं, माझी धाप तिच्यापेक्षा मोठी. नव्या बुटांच्या आतल्या कडेला करडा पट्टा प्रत्येक पावलाला वर उठून दिसत होता. टाच, तळवा, बोटं, सुटलं. पाऊल पडत होतं आणि पडलं तिथंच राहत होतं.

दोऱ्याला लुगदी फासणारा एक तरुण थांबून बघायला लागला. वहिनी मागं न बघता ओरडली, “नानाभाऊ, पाय सरळ पडतोय का?”

“पडतोय,” मी धापेत पुटपुटलो. तिनं पुन्हा विचारलं. या वेळी मी मोठ्यानं, साऱ्या कालव्याला ऐकू जाईल असं सांगितलं, की सरळ पडतोय, वहिनी, मी पातं लावण्याआधी तो तेव्हाही सरळच पडत होता.